कुठलंही दाबा, मामा

१० डिसेंबर, लोहारा

बानू, तुझा गुडघा कसा आहे? लेप लावतेस, का डबी नुसती उशाला घेऊन झोपतेस? शेजारच्या महांतप्पाचा खोकला बसला का? कमलबाईच्या डोळ्याची पट्टी निघाली का? आणि काळी शेळी उभी राहिली का? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून रोजचं रोज इथं लिहितो. पानं आपल्या सास्तूरच्या जीपमध्ये देत जाईन. लग्नानंतर तुला अक्षरं शिकवली ती कधी कामाला यायची?

भाचा सुरज लई खूश झाला. त्याच्या बायकोला, दैवशालाला, सहावा महिना लागलाय, तरी गरम भाकरी अन् ठेचा लगेच पुढ्यात. सुरज कंप्युटरवर खेळ बनवतो. त्यात खेळणाराच शेतकरी होतो. गाव आपल्याकडचं, दिवस येळवसेचा, अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं तो. शेतात कडब्याची कोप उभी, आत भज्जी, अंबील, सगळं आहे. बोलणं, रीतभात बरोबर आहे का ते सांगायला मला बोलावलंय. शाळा अर्ध्यात सुटलेला म्हातारा मास्तर झाला बघ!

१२ डिसेंबर

खेळ जमला. समोर माणूस येऊन बोलतो, खाली दोन-तीन उत्तरं येतात, आपण एक दाबायचं. शेजाऱ्याला विहिरीचं पाणी दिलं, तरी तो बांधावरून भांडला. नाही दिलं, तरी भांडला. मी सुरजला विचारलं, मग माझ्या बोलण्यानं बदललं काय? तो हसला. म्हणाला, सगळ्या वाटा एकाच बांधावर येतात, मामा. आपण ठरवलं असं खेळणाऱ्याला वाटलं म्हणजे झालं. मला रागच आला. म्हणालो, हे तर हळद लागल्यावर नवरीला पसंती विचारण्यासारखं झालं. दैवशाला म्हणाली, मला तर तेवढंही कुणी विचारलं न्हाय.

१३ डिसेंबर

आज खेळात कोपीपाशी एक जण आला. डोक्यावरून पोत्याची खोळ, तोंड दिसेना. उत्तरं दोन: ‘या, जेवा’ आणि ‘पुढच्या शेतात जावा’. येळवसेला आपण वाटसराला हाक मारून जेवू घालतो. आलेल्याला कोण हाकलतं? ‘या, जेवा’ दाबलं.

सुरज म्हणतो, तो नुसता जाणारा-येणारा आहे. काही दाबा, राम राम करून जातो. माझ्यापुढं मात्र बसला. दोन्ही हातांनी जेवला. उठलाच नाही.

१५ डिसेंबर

हे खेळातलं नाही, घरातलं. टोपल्यातल्या भाकरीला चावे होते. कड ओली, चिकट. लाळेची तार तुटता तुटेना. वरणाच्या पातेल्यात चघळून थुंकलेला घास, त्यात एक काळा दात. घरभर मेल्या उंदराचा वास. सुरज मला म्हणाला, भूक लागली तर मागून घ्या की, मामा. मी कवळी काढून बोळकं दाखवलं, तेव्हा त्यानं पातेलं उचलून बाहेर ओतलं.

१६ डिसेंबर

खेळ पहिल्यापासून लावला. ‘पुढच्या शेतात जावा’ दाबलं. घरातला वास गेला. दुपारी शेजारच्या सिताबाई ओकत दारात आल्या. त्यांच्या पातेल्यात तसाच घास.

मी पळत जाऊन पुन्हा ‘या, जेवा’ दाबलं. आपली घाण दुसऱ्याच्या ताटात कशी सोडू?

१७ डिसेंबर

दैवशालानं ताजी भाकरी बाजूला सारली. चावलेली घेतली. ओली कड चोखत म्हणाली, हीच गोड लागते. मी हिसकावली — मला चावली. सुरज म्हणतो डोहाळे. डोहाळे! तिचं तोंड मिटलेलं होतं, आणि पोटातून मचमच — कुणी जेवत असल्यागत —

१८ डिसेंबर

तो पडद्यावर वळला. खोळीत डोळे नाहीत. नुसतं तोंड. ओलं.

उत्तरं दोन. ‘ठेवून घ्या’. ‘सास्तूरला बानूकडं पाठवा’.

तुझं नाव मी खेळात कधीच घातलं नव्हतं.

सुरजला ओरडलो, हात लावू नको. त्यानं माझ्या खांद्यावरून हात घातला. कुठलंही दाबा, मामा, फरक पडत न्हाय — आणि दुसरं दाबलं.

१८, दुपार

दैवशाला ताजी भाकरी जेवली. वास गेला. पोरगी हसली. मी त्याला परत बोलवायला खेळापुढं बसलो — कोप रिकामी — उत्तरंच येत नाहीत —

जीप मिळेना. दूधवाला ज्ञानोबा मोटरसायकलनं तिकडंच निघालाय, मागं कॅन, मला जागा नाही. हे पान त्याच्या हाती.

बानू, दारात कुणी आलं तर — तू आधी ‘जेवलात का’ विचारणार, मला ठाऊक आहे — विचारू नको. भाकरीची कड चाचपून बघ. ओली लागली तर टाक. नुसतं ‘टाकली’ एवढं लिहून ज्ञानोबाकडं दे. लवकर लिही. आणि तुला गोड लागली असेल तर —