आजोबांच्या तिथीला उघडलेली बाटली

आई, आज सकाळी पुरणाचा कट गार करून त्याला रवीने फेस आणत होते आणि एकाएकी तुझी इतकी आठवण आली की रवी तशीच ठेवून लिहायला बसले. इतकी वर्षं झाली, तू जाऊनही बराच काळ लोटला, पण त्या दिवसाचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. मुलीने आईकडे पाहून तोंडावर हात ठेवावा असे प्रसंग फार थोडे असतात. माझ्या वाट्याला एक आला आणि तो तू भर स्वयंपाकघरात, सोवळ्याच्या दिवशी आणलास.

तुझा दारूवरचा राग मी लहानपणापासून पाहिलेला. पांढरकवड्याचा मामा ट्रक घेऊन आपल्याकडे लोहाऱ्याला यायचा. एका दिवाळीत तो दारात आला आणि तुला वास लागला. तू त्याचं ताट उचलून अंगणात नेऊन ठेवलंस. सख्खा भाऊ तुळशीजवळ उकिडवा बसून अनारसे खातोय आणि तू आतून त्याला तूप हवं का म्हणून विचारतेयस. मी हसले तर माझ्यावरच डोळे वटारलेस. अशी तू. शाळेतल्या मुलांची बाई, नंतर वस्तीतल्या सगळ्या बायकांची बाई. एमआयडीसीच्या रस्त्यावरचं देशीचं दुकान बंद व्हावं म्हणून तू दोन वर्षं दारोदार हिंडत होतीस. शेवटी एका रविवारी बायकांचं मतदान ठरलं. दुकान चालू हवं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद हवं असेल तर आडव्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तू आपला तांब्या आडवा करून दाखवायचीस.

आणि त्याच आठवड्यात आपल्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूला घरून फोन आला. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आपल्या जिल्ह्यात कुठकुठची माणसं शेतकरी जीव का देतात याची विचारपूस करत फिरायची, त्यातलीच ती एक, दक्षिण अमेरिकेतली, थेट पेरू देशातली. तिच्याकडेही समुद्रकाठाला कापूस पिकतो म्हणे. बाबांच्या ऑफिसातून ओळख निघाली आणि ती आपल्याकडे राहिली. जेमतेम तीस वर्षांची, मोडकं हिंदी बोलणारी, तुझ्या हातचं वांग्याचं भरीत बोटं चाटून खाणारी. तिची आई गेली होती, मातीही होऊन गेली होती. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली.

त्या दिवशी आपल्याकडे आजोबांची तिथी. पितृपक्ष, पुरण शिजलेलं, पुरणयंत्र पाटावर मांडलेलं. तू हात पुसत बाहेर आलीस, तिच्याशेजारी टेकलीस आणि विचारलंस, "बेटा, तुम्हारे में ऐसे टाइम क्या करते?"

तिने सांगितलं ते ऐकून मी गारच झाले. तिच्याकडे द्राक्षाची ब्रँडी करतात. घरात कोणी गेलं की तिची आई त्या ब्रँडीत लिंबू, साखर, तिकडच्या एका फळाचा गर आणि अंड्याचं पांढरं घुसळून द्यायची आणि सगळे उभ्याने एकेक घोट घ्यायचे. ते फळ म्हणजे आपल्या सीताफळाचं भावंडच. निघताना आईने दिलेली बाटली तिच्या पेटीत तशीच होती. हे घर कसलं आहे हे कळल्यावर तिने ती बाहेर काढलीच नव्हती.

मला वाटलं, आता तू तिला प्रेमाने समजावशील की आमच्यात हे चालत नाही. तू म्हणालीस, "निकाल वो बोतल. आज मरे हुए लोगों का दिन है. तुम्हारी माँ को जो भाता था, वही रखेंगे."

बाबा बातमीपत्र बघत होते, ते उठून उभे राहिले. "अगं, रविवारी मतदान आहे! कोणी पाहिलं तर?" तू वाट्या काढायला लागलीस. अडलीस ती भलत्याच ठिकाणी. "अंडं मात्र माझ्या ओट्यावर चढणार नाही," म्हणालीस. दारू चढली ती चालली! मग तुझी नजर कटाच्या पातेल्याकडे गेली. आमटीची फोडणी अजून पडायची होती. तू वरचा दाट कट वाडग्यात काढलास, बर्फात गार केलास आणि रवीने घुसळायला लागलीस. कसा पांढरा फेस धरला त्याने! सीताफळाच्या बिया निघेनात तेव्हा गर पुरणयंत्रातून फिरवलास. ब्रँडी तिने ओतली, लिंबू मी पिळलं. ती मुलगी तो फेस पाहून हसली आणि हसता हसता पहिल्यांदा रडली. तू तिला पोटाशी धरलंस. दोघींच्या अंगाला वेलची आणि ब्रँडी यांचा मिळून वास येत होता. मी आयुष्यात इतकी चक्रावले नव्हते.

तिच्या आईच्या नावाची एक वाटी तू आजोबांच्या पानापासून जरा लांब ठेवलीस, त्यांना वास आवडणार नाही म्हणून. आणि मग नैवेद्य टाकायचा नसतो असं म्हणत तू, माझी आई, दुसऱ्या वाटीतला एक घोट घेतलास.

नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराने काकू आल्या. शेजारच्या काकू, तुझा उजवा हात. त्यांचा नवरा त्याच दुकानाच्या पायी गेलेला. मी झटकन बाटलीवर फडकं टाकलं.

"कायले झाकून राह्यली? काढ ते फडकं," तू म्हणालीस.

काकूंनी बाटली पाहिली, तुझ्या हातातली वाटी पाहिली. "बाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"इची माय गेली तिकडं. तिच्या आवडीचं ठेवून राह्यली मी. दारूच हाय, सरबत नाही."

काकू आल्या पावली परत गेल्या. तू वाटी धुतलीस. तेव्हा मला दिसलं की तुझा चेहरा पांढराफटक पडलाय. तुलाही कळत होतं की दोन वर्षांची पायपीट त्या एका घोटात जाऊ शकते.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सभा. मी तुझ्या पदराशी. दुकानाची माणसं मागे उभी राहून हसतायत, काहीतरी त्यांच्या कानावर गेलेलं आहेच. तू उभी राहतेस आणि पहिलंच वाक्य बोलतेस, "काल माझ्या घरी दारू होती." तू सगळं सांगतेस, घोटासकट. खाली बसतेस. कोणी टाळी वाजवत नाही.

मग काकू उठतात. "बाईच्या घरी बाटली व्हती, मी सोता पाह्यली. पन बाईनं ते झाकली नाही. माह्या घरी आमी जलमभर झाकत राह्यलो. कधी भुश्यात, कधी गादीखाली. तो लपवे, आन लोकाइनं पाहू नये म्हनून मी त्याच्यावर आनखी झाकन घालो. झाकता झाकता मानूस गेला. आता लेक झाकून राह्यला. मले झाकनारं घर नाही पायजे आता." आणि त्या रडत खाली बसतात.

रविवारी बाटली आडवी झाली, आई. तू घरी येऊन पाटावर टेकलीस. "मले वाटलं, हरलो आपन," म्हणालीस. मी विचारलं, हरलो असतो तर? तू म्हणालीस, "तरी त्या पोरीच्या मायचं केलंच असतं."

आता पुण्यात मी हे पेय घरी करते. साधी ब्रँडी, सीताफळ, लिंबू, तुझा कट. मैत्रिणी विचारतात, कुठून शिकलीस? आईकडून, असं सांगते आणि त्यांची तोंडं बघते. काकूंचं बोलणंही त्यांना नक्कल करून ऐकवते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मघाशी खाली रिक्षा थांबली, सासूबाई आल्या. मी लिहिणं थांबवून उठले, फेस मोरीत ओतला, बाटली तांदळाच्या डब्यामागे सरकवली आणि वर फडकं टाकून आले.