सात नंबरचा खांब

१० जून, सोम.
नोकरीचा पहिला दिवस. औसा रोडवर टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एवढंच ऑफिस. जाधव सरांनी (पुढं ज. सर) स्वतः चहा आणून दिला. म्हणाले, आपले कागद दोनच. इमारतीचा पर्यावरणाला त्रास किती आणि इमारतीला धोका किती. याच लातुरात दोन वर्षं डॉक्टर व्हायला काढली होती. झाले सिव्हिल इंजिनिअर. नांदेडहून बाबांचा फोन. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. "वेळेवर जात जा," बास.

१२ जून, बुध.
पहिलं काम. क्लासच्या भागातलं मुलींचं वसतिगृह, डॉक्टरकीच्या परीक्षेवाल्या सगळ्या. एका खोलीत चौघी. मालक बिराजदार शेठ, बोलायला गोड. शेजारी दुसरी इमारत उठवायचीय, त्यासाठी बँकेला आधी हिचे दोन्ही कागद हवेत. छतावर सोलर, पावसाचं पाणी जिरवायची सोय, न्हाणीचं पाणी झाडांना. सगळ्यावर टिक करत गेले. छान वाटत होतं.
निघताना मंजूर नकाशा बघितला. नकाशात चार मजले. मी जिने चढले ते सहा.

१५ जून, शनि.
तळमजला मुळात पार्किंग. भिंती नाहीत, नुसते खांब. आता तिथं अभ्यासिका. वर सहा मजल्यांच्या भिंतींचं ओझं, त्यावर पाण्याच्या टाक्या, आणि खाली हे. जमीन हलली तर आधी हाच मजला बसणार.
वॉर्डन गंगाबाई. त्यांना खोली दिलीय, पण बाज फाटकाजवळ लिंबाखाली. का, विचारलं. जुन्या किल्लारीच्या. भूकंप झाला तेव्हा लग्नाला सहा महिने झालेले. बाजेची सैल दोरी आवळायला लागल्या. मग आपणहूनच, "छताखाली डोळा लागत न्हाई बाई. पोरींना सांगू नका."

१८ जून, मंगळ.
खांब नं. ७. पुढं प्लायवुडचा बोर्ड, त्यावर निवड झालेल्या मुलींचे फोटो. बोर्ड काढवला. मेसचा पाइप न्यायला खांबच छिन्नीनं फोडलाय. सळया उघड्या, गंजलेल्या. त्यांना आवळणाऱ्या रिंगा चार बोटांवर हव्यात, इथं हातभर अंतरावर. पेचकसानं ओरखडलं तर वाळू सांडली. जवळच्या मुलीला वाटलं मी झाडायला आलेय. पुस्तकातून मान न काढता पाय वर घेऊन बसली.
फोटो काढले.

२० जून, गुरु.
जुनी फाईल सापडली. वरचे दोन मजले चढवताना 'इमारत हा भार पेलू शकते' असं लिहून दिलेलं. खाली सही ज. सरांची.
विचारलं. नाकारलं नाही त्यांनी. शेठनं दिलेल्या आकड्यांवर विसंबलो, खाली उतरून बघितलं नाही, म्हणाले. मग, "रेणुका, माझ्या सहीचं हे एकच वसतिगृह नाही. एक उघडलंस की…"


२४ जून, सोम.
सकाळी सातला अभ्यासिकेत मापं घेत होते. आधी जमिनीतून आवाज, गुरगुरल्यासारखा. मग टेबलांवरच्या बाटल्या वाजल्या. दोन-तीन सेकंद असतील. एकीनं कानातला बोळा काढून विचारलं, ट्रक होता का. परत मान खाली. सराव पेपर चालू होता.
गंगाबाई दारात. आत पाऊल टाकेनात. "पेपर ठेवा अन् भायेर या." दोनदा म्हणाल्या. कुणी उठलं नाही. मी एकीचा दंड धरला, तर ती घड्याळ दाखवायला लागली.
नं. ७ वर, तुळईखाली, नवी भेग. नख आत जातं.

२६ जून, बुध.
भेग नाही. पुट्टी, वर रंग, अजून ओला. बोर्ड जागेवर. शेठ हात जोडून, "मॅडम, तुम्ही सांगितलं, आम्ही दुरुस्ती केली."
ऑफिसात ज. सरांनी माझा अहवाल परत दिला. एकच वाक्य बदललेलं. 'इमारत तातडीने रिकामी करावी' कापून 'टप्प्याटप्प्याने मजबुतीकरण करावे'. खाली तपासणी करणारी म्हणून माझं नाव टाइप केलेलं.
"उद्या सही कर."

२८ जून, शुक्र.
केली नाही. मूळ अहवाल आणि फोटो घेऊन महापालिकेत गेले. आवकचा शिक्का मिळाला. कारकून म्हणाला, साहेब प्रशिक्षणाला, पुढच्या आठवड्यात या.
ज. सरांना मीच सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ऑफिसची चावी मागितली, आपल्या खिशात टाकली आणि चहा घेतेस का विचारलं.
बाबांना फोन. सगळं सांगितलं. मग, "शिक्क्याची प्रत जपून ठेव."

३० जून, रवि.
नवी बॅच. मी सकाळपासून फाटकाबाहेर उभी. आत जायची मला मनाई. गंगाबाई नाहीत, काल गावी पाठवलं म्हणे. कुणी पाठवलं ते कुणीच सांगेना.
जीपगाड्या, ट्रंका, गुंडाळलेल्या गाद्या. देवणीकडचा एक बाप लेकीला घेऊन आला. मला इथलीच समजला. "मॅडम, पोरगी पयल्यांदाच घराभायेर राहायलीय. बिल्डिंग बरी हाय ना?"
"नाही," म्हणाले.
मग सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. फोटो दाखवले. त्यानं ट्रंक खाली ठेवली. मुलीच्या हातातली गादी काढून घेतली. मान वर करून खिडक्यांकडं बघत राहिला. गजांवर ओढण्या वाळत होत्या, कुठलीतरी मुलगी मोठ्यानं पाठ करत होती.
"मग ह्या समद्या?"
कोपऱ्यावर शेठची गाडी वळताना दिसली. मागच्या जीपवरून दुसरा एक बाप ट्रंक उतरवून घेत होता. मी त्याच्याकडं निघाले.