इराची नखं

११ फेब्रुवारी २००८, मुंबई

आकडा हलत नाही! आठवडाभर औषध चाललंय, इराच्या रक्तातला विषाणू होता तिथेच. नागिणीच्या कुळातला आहे. लहानपणी जवळजवळ सगळ्यांनाच होऊन जातो म्हणे — ताप, पुरळ, संपलं. इराच्या रक्तात मात्र लाखांनी. आणि औषध तिच्या पांढऱ्या पेशी खातंय. त्या वाढल्याशिवाय ल्युकेमियाचा पुढचा डोस देता येत नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय!

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात असलं कोनाला नाय गो. तुमच्या पोलादपूरच्या डोंगरात असंल." सात वर्षांच्या पोरीच्या उशाशी कोण भांडणार?

१४ फेब्रुवारी

वैदेही नावाची नवी डॉक्टर आलीय. कोवळी आहे, पण बोलणं नीट. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता ना? मग सगळंच सांगते."

शंभरात एखाद्याच्या गुणसूत्रातच हा विषाणू शिवलेला असतो. कधीतरी कुणा पूर्वजाच्या बीजात शिरला, तिथेच राहिला. तेव्हापासून आईबापांकडून मुलांत — नाकडोळ्यांसारखा! शरीरातल्या पेशीपेशीत. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. औषधाने तो जातही नाही.

"तसं असेल तर औषध बंद करू."

"आणि नसेल तर?"

"नसेल आणि बंद केलं, तर जिवावर बेतेल."

म्हणजे आधी तपासायचं. केसाच्या मुळातून कळतं — इराच्या डोक्यावर केस आहेत कुठे! मग नखं घ्यायची. शिवाय आईवडिलांचं रक्त.

"वडील?"

"नाहीत," म्हटलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

नखं कापायला बसले तर सासूबाई आडव्या आल्या. "शनवारची नखं कापत्यात काय?" मी भडकले. शनिवार बघू की पोरगी बघू? शेवटी इराचा हात त्यांनीच धरला. तुकडे डबीत गेले. माझं रक्तही दिलं.

२१ फेब्रुवारी, महाड

शाळेची कामं उरकायला एक दिवस आलेय. वीर स्टेशनहून रिक्षा दासगाववरून येते. मी नेहमी सावित्री नदीकडे तोंड करून बसते, डोंगराकडे नाही.

२००५च्या त्या जुलैत इराचा बाबा, निषाद, आईला आणायला दासगावला गेला. सासूबाई शेजाऱ्यांबरोबर आधीच बाहेर पडल्या होत्या. त्याला कुठे ठाऊक! घरात शिरला आणि वरून दरड. सापडलाच नाही. लोकांनी आपली माणसं ओळखून नेली, आम्ही नुसत्याच परतलो.

यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. माझ्या मनात काय येतं ते त्यांना कळतं, बहुतेक. त्यांच्या मनात तेच येत असणार.

घरी एकच चांगला फोटो आहे त्याचा. बराच वेळ बघितला. इरा सगळी माझ्यावर गेलीय. नाक, रंग, हट्ट. त्याचं काहीच उतरलं नाही तिच्यात. याचा मला राग येतो — कुणावर ते माहीत नाही.

३ मार्च, मुंबई

नखांत आहे! जन्मापासूनचाच आहे. औषध आजच बंद. जिन्यात बसून रडून घेतलं.

सासूबाईंना समजावलं, हा वारशाने येतो.

"मंग तुझाच."

"माझाच असेल," म्हटलं. आजच्या दिवशी तेही कबूल! माझा रिपोर्ट अजून यायचाय.

१९ मार्च

पांढऱ्या पेशी चढल्या. डोस सुरू झाला. इराने पेज मागून खाल्ली!

२९ मार्च

माझा रिपोर्ट आला. माझ्यात नाही.

दोनदा वाचला. मग सासूबाईंना सांगितलं — निषादकडून आलाय. इराच्या पेशीपेशीत आहे.

"नखांत बी?"

"नखांतही."

संध्याकाळी इराची नखं कापायला घेतली. शनिवार होता, माझ्या ध्यानातच नाही. सासूबाई जवळ आल्या आणि पदर पसरून बसल्या.

"हितं टाक गो," म्हणाल्या.