फाटकासमोरची मावशी

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या यजमानांची खोकल्याची ढास थांबली का? इथे ठीक आहे. शाळांचे गणवेश शिवून झाले, आता दुकानात उसवलेलं-फाटलेलं तेवढं येतं. गुडघा कुरकुरतो, पण मशीन चालवू देतो.

तू फोनवर टिटवीची चौकशी करतेस आणि मी ‘बरी आहे’ म्हणते, तेव्हा तुझी लेक माझ्यासमोरच बसलेली असते. हॉस्टेल तिने कधीच सोडलं. फोनवर पुढचं बोलायला जीभ वळत नाही, म्हणून लिहितेय.

तिला दिवस गेलेत. सातवा चालू आहे. त्या मुलाचं विचारू नकोस, त्याने नंबर बदललाय.

आमच्या चर्चची मंडळी शनिवारी सकाळी, जिथे गर्भपात करतात त्या इस्पितळाच्या फाटकासमोर जपमाळ करतात, हे तुला माहीत आहे. जुलैतल्या एका शनिवारी फलक माझ्या हातात होता: ‘बाई गं, तू एकटी नाहीस.’ समोर बस थांबली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी उतरली. चालीवरून ओळखलं मी. तिने फलक वाचला, मग फलक धरणारीकडे पाहिलं, आणि आल्या पावली फिरली. मंडळींना वाटलं, प्रार्थना ऐकली गेली. कुणी माझी पाठ थोपटली. मी फलक तिथेच टाकून तिच्यामागे धावले.

स्टॉपवर ती एवढंच म्हणाली, “आईला सांगशील?”

“नाही,” म्हटलं मी, आणि तिला घरी आणलं.

प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हेडबाईंना वाटलं, टिटवीने रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर सगळ्यांसमोर, आपलं मन कसं बदललं यावर चार शब्द बोलावेत. मी तिला विचारलं. ती गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक शिवत होती. मान वर न करता म्हणाली, “मावशी, माझं मन बदललं नव्हतं. तू दिसलीस, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून फिरले. हे सांगू का चर्चमध्ये?”

मी विचारलं, “आणि आता?”

“आता ते हलतं. आता मला ते हवंय. पण त्या दिवसाचं मला विचारू नकोस.”

बाळ आहे याचा आनंद मला होतो, धाकटे, खोटं कशाला बोलू? पण मला भिऊन ती फिरली हे पचत नाही. देवाने तिची ही भीतीही कामाला लावली असेल, असं फादर म्हणतात. असेल. माझं मन अजून निवलेलं नाही.

हेडबाईंना मी स्पष्ट सांगितलं, ती बोलणार नाही. “साक्ष लपवायची नसते,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “साक्ष तिची आहे. आपल्याला काही करायचंच असेल, तर तिला दवाखान्यात न्यायला माणूस लागतं.” त्या फणकारल्या, पण पुढच्या तपासणीला स्वतः हजर. तेव्हापासून दर वेळी रांगेत तिच्याशेजारी बसतात, तिची पिशवी मांडीवर घेऊन. टिटवी त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते.

शनिवारी मी अजून जाते. फलक धरत नाही. एखादी मुलगी उतरली की नजर खाली घालते आणि तिच्यासाठी जप करते. बाजूला आम्ही ठेवलेल्या बाकावर मदतीचा फोन नंबर लिहिलेला आहे. ज्यांना हवा, त्या घेतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा तपासणीत तिचा रक्तदाब फार चढलेला निघाला. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ लवकर काढावं लागेल, दोघांनाही जपावं लागेल. मग तिला विचारलं, “आई कुठे आहे तुझी?”

टिटवी म्हणाली, “येतेय.”

बाहेर आल्यावर मी तिच्याकडे पाहिलं, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी. तुला सांगणार नाही, हा शब्द मी तिला दिला होता. तो आज मोडतेय, तिला सांगून. ती नको म्हणाली नाही.

यजमानांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावर राग धर, बोलू नकोस माझ्याशी, चालेल. पण तिचा शब्द खोटा पडू देऊ नकोस.

तुझी वाट पाहणारी,
ताई