कचरूकाकांचा आवाज

उस्मानपुरा,
रविवार

प्रिय पुंजाराम,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवशील हे धरूनच चाललोय. पण तू न वाचता फाडणाऱ्यातला नाहीस, म्हणून लिहितो. बारा वर्षं झाली आपण बोललो त्याला.

माझं विचारशील तर बरं चाललंय, म्हणजे काहीच चालत नाही. मालिका बंद होऊन चार वर्षं झाली. मुंबईची खोली सोडून इथं एकटाच राहतो. परवा क्रांती चौकात एका रिक्षावाल्यानं ओळखलं. म्हणाला, "सांडूमामा, जरा वैसा बोलके दिखाओ ना." मी माझ्या आवाजात नको म्हणालो, तर त्याला वाटलं मी चिडलो. नऊ वर्षं वॉचमन सांडूमामा म्हणून हसवलं. आता पुंडलिक नावाचा माणूस कुणाला नकोय. घरात कुकरची शिट्टी झाली तरी सोबत वाटते.

तो आवाज कुणाचा, हे तुला सांगायला नको. ऑडिशनला माझ्यापाशी काहीच नव्हतं आणि ऐनवेळी तोंडातून तुझे वडील निघाले. लासूर स्टेशनच्या बाजारात पोती तोलणारे कचरूकाका. बोलता बोलता अडायचे, "ते... हे... काय म्हणत्यात त्याला", आणि शब्द सापडेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. शाळेत असताना तुमच्याकडे जेवायला असलो की आपण सगळे घास हातात धरून थांबायचो. कोणी त्यांना शब्द पुरवायचा नाही, अशी तुझ्या आईची ताकीद होती. मी ती अडखळ जशीच्या तशी उचलली. आमच्या मालिकेत लोकांचा हशा मागाहून चिकटवतात, त्यासाठी नटानं दोन सेकंद थांबायचं असतं. माझ्याकडे ती जागा तयारच होती.

तू म्हणालास, माझा बाप विकलास. मी म्हणालो, ही कला आहे. कसली कला, मला काम हवं होतं. काका मात्र रोज मालिका बघायचे म्हणे, आणि म्हणायचे, "पोरगं लई ग्वाड बोलतंय, आपल्यावानी." हे कानावर आल्यापासून त्यांच्यासमोर यायची लाज वाटली. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा मातीलाही आलो नाही. मला बघून तिथं कोणी हसलं असतं तर?

मंगळवारी तुझ्या लेकीचा, अपेक्षाचा फोन आला होता. तुला न विचारता केला, तिला रागावू नकोस. म्हणाली, आजीला आता दिसत नाही, सारखा आजोबांचा आवाज ऐकायचा म्हणते, आणि घरात कुणीच तो कधी रेकॉर्ड केला नाही. तिनं मालिकेचा एक भाग लावून पाहिला. तर मनकर्णाकाकू म्हणाल्या, "बंद कर, लोक हसायलेत त्येंना." तुम्ही येऊन एकदा बोलाल का, असं पोरीनं विचारलं. मी हो म्हणालो नाही. तो आवाज तुझ्या घरचा आहे. तू ये म्हणालास तरच येईन. नको म्हणालास तर पुन्हा कुठंच काढणार नाही. मी पुंडलिक आहे, हे काकूंना आधी सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. आणि त्यांनी काकांना म्हणून काही विचारलं, तर काय उत्तर द्यायचं, ते मला लिहून पाठव. तुझ्या बापाच्या तोंडी आता मी माझ्या मनानं एक शब्दही घालणार नाही.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
पुंडलिक