मेघाचा गोपनीय अहवाल

वर्धा, १५ जानेवारी

चि. मेघा हिला सप्रेम जयभीम.

मंगळवार, १३ जानेवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तू सख्ख्या आत्याला फेसबुकावर ब्लॉक केलंस आणि दोनच मिनिटांनी व्हॉट्सॲपवरही. म्हणून हे पत्र टपालाने. तुझा खोकला आता बरा असावा. (जिनिंगमध्ये तंतू उडतात, तोंडाला रुमाल बांधत जा. मी रागावले आहे, पण हे सांगायचं राहू नये.)

आता माझा गुन्हा. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये लागून तुला पाच महिने झाले, म्हणून तू कापसाच्या गाठींसमोर उभी राहून फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, 'हेच माझं स्वप्न.' (दिवाळीपर्यंत तुझं स्वप्न तहसीलदार व्हायचं होतं.) कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, आनंदाच्या बातमीला उत्तर न देणं असभ्यपणाचं. मी उत्तर दिलं: 'अभिनंदन. मेघा हुशार आणि प्रामाणिक आहे, सकाळी उठायला तेवढी जड. मार्चमध्ये परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ही नोकरी उत्तम.' यात खोटं काय आहे? तुझे प्रफुलसाहेब, ज्यांच्या शिफारशीवर तू या महिनाअखेर कायम होणार, त्यांनी सर्वांत आधी अंगठा दाबला. मला वाटलं, माणूस गुणग्राहक आहे.

दुपारी कारंज्याहून तुझ्या बाबांचा फोन. "ताई, तू काऊन लिहिलं तिथं? साहेब पोरीले विचारून राह्यले, मार्चमध्ये चालली का म्हणून." मी म्हटलं, पुंडलिक, मी तिचं कौतुक केलं. "कौतुक घरी येऊन करत जा ना. मी चहा पाजतो." मोठ्या बहिणीशी बोलायची ही रीत.

फोन ठेवून मी विचार करत बसले. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं मी लोकांचे गोपनीय अहवाल टाइप केले. तुझे आतोबा त्याच कचेरीत होते. त्यांच्या अहवालातला 'कामात संथ' हा शेराही माझ्याच हातून गेला, पण घरी मी अवाक्षर काढलं नाही. (मला तो आधीच ठाऊक होता, ही गोष्ट वेगळी.) आणि तुझा अहवाल मी भर चौकात वाचून दाखवला. का, तर खाली एक रिकामी चौकट होती आणि ती 'लिहा' म्हणत होती. मात्र परीक्षेच्या हॉल तिकिटाचा फोटो डिसेंबरात तूच टाकला होतास. साहेबांना आधी तूच सांगितलंस, मी फक्त टाइप केलं.

आमच्याकडे प्रतिकूल शेरा असला तर तो लेखी कळवत आणि खुलाशाला मुदत देत. तू मला तेवढंही दिलं नाहीस.

तुझी,
रीताआत्या

ता.क. : शेजारच्या रोशनीने तिच्या फोनवर बघून सांगितलं, माझा मजकूर अजून तिथेच आहे. मला ब्लॉक केल्यामुळे फक्त तुला आणि मला तो दिसत नाही. मी पुसते, पण त्यासाठी आधी मला आत घ्यावं लागेल. कसं पुसायचं तेही लिही.

ता.क. २ : प्रफुलसाहेबांनी मलाच निरोप पाठवला आहे: 'मॅडम, मेघा खरंच जाणार का? शनिवारी, २४ तारखेला, तिचा कागद वर पाठवायचा आहे.' मी उत्तर दिलेलं नाही. मला खोटं लिहिता येत नाही आणि खरं सांगणं माझं काम नव्हतं. ते तू सांग. पण आधी काय खरं आहे ते ठरव, कारण फोटोखाली एक आहे आणि हॉल तिकिटावर दुसरं. काय ठरवलंस ते मला शुक्रवार, २३ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळव. तोवर मी गप्प राहीन. त्यापुढची हमी देत नाही.