टेकडीपलीकडची कडेची गोगलगाय

कुरखेडा, ४ ऑगस्ट १९५४
कलकत्त्याहून पत्र. घरी चारदा वाचलं, पाचव्यांदा वर्गात, मुलं गणितं सोडवत होती तेव्हा. तिथल्या प्राणिशास्त्राच्या डॉक्टरसाहेबांना मी पाठवलेली गोगलगाय नवी वाटते! मसुराच्या डाळीएवढी, चपटी, आणि शेवटच्या वेढ्याला बाहेरून धारदार कड. ही फक्त वरच्या बोडीत, म्हणजे टेकडीपलीकडच्या लहान तळ्यात, मिळते. मोठ्या तलावात हिच्यासारखीच, पण कड गोल. साहेब म्हणतात, नवी जात ठरली तर नाव तुमच्यावरून ठेवू. लॅटिनमध्ये! बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्या मास्तरचं!
एकच गोष्ट लेखी हवी. बोडी आणि तलाव यांच्या पाण्याचा कधी संबंध येतो का? येत नसेल तर दोघी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहिल्या आणि वेगळ्या झाल्या, असं म्हणता येईल.
येतच नाही. मध्ये टेकडी आहे.

५ ऑगस्ट
लिहिलं : ‘पाण्याचा काहीही संबंध नाही.’ तीनदा कागद बदलला, अक्षर चांगलं येईना. दुपारच्या टपालात टाकलं. बायकोला, सुमनला, लॅटिनचं सांगितलं. ती म्हणाली, “गोगलगायीला तुमचं नाव? कोणी सुचवलं हो, मी तर नाही.” हसलो, पण जरा लागलंच.

९ ऑगस्ट
टेकडीच्या पायवाटेवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची सारजाबाई भेटली. डोक्यावर ओली टोपली, पाणी मानेवरून खाली.
“काय नेता बाई?”
“शिंगाड्याचे वेल जी. तलावातून काढले, बोडीत लावाले नेऊन राह्यली.”
“यंदाच?”
“यंदाच काऊन? दरसाली. पहिले माही सासू ने, आता मी.”
टोपली उतरवायला लावली. एक पान उलटं केलं. खाली चिकट थेंब, त्यात बारीक ठिपके. अंडी. दुसरं पान, तिथेही. माझं तोंड पाहून ती म्हणाली, “मास्तर, बरं नाई वाटून राह्यलं का? बसा थोडसे.”
बसलो. ती गेली वर. अंडी घेऊन.
पाच वर्षं या दोन पाण्यांवर फिरतोय आणि शिंगाडेही खातोय. ते बोडीत येतात कुठून, हे एकदाही विचारलं नाही. गाढव आहे मी.

१० ऑगस्ट
सातवीला कालचाच धडा पुन्हा शिकवला. मुलं गप्प बसून ऐकत होती, शेवटी मलाच कळलं.
माझं वाक्य खोटं नाही. संबंध पाण्याचा नाहीच, टोपलीचा आहे. साहेबांनी टोपलीचं विचारलं नव्हतं.
असले विचार येतात. लाज वाटते, तरी येतात.
संध्याकाळी : तलावातली अंडी आणली, बोडीचं पाणी-गाळ घालून गाडग्यात ठेवली. गोल आईची पिल्लं गोलच राहिली तर दोघी वेगळ्या, निदान तसं म्हणायला जागा. कड आली तर एकच जात, कड बोडीच्या पाण्याची. मग नाव वगैरे काही नाही. गाडगं सु.चं, दह्याचं. न विचारता घेतलं.

२० ऑगस्ट
फुटली! अकरा. भिंगातून जेमतेम. सु. अजून दह्यावरून बोलत नाही.

१८ सप्टेंबर
नऊ उरल्या. कड? कधी दिसते, कधी नाही. दिवसातून सहा-सात वेळा पाहतो. डोळा चुरचुरतो.
सा.बाईला विचारलंच, दोन्हीकडच्या गोगलगायी वेगळ्या का. म्हणाली, “ते एकच होय जी. तलावातले घोंगे बोडीत टाका, एक-दोन सालात टोचाले लागते.”
“कशावरून?”
“पायाले समजते ना. तलावात टोचत नाई, बोडीत टोचते. बोडी उन्हाळ्यात आटते, थ्या चिखलात राहून तसे होत असन. पायानं सांगतलं थे सांगतलं, बाकी मले का माहीत?”
हा काही पुरावा नव्हे. पण ती खोटं कशाला सांगेल? तिला कुठे नाव हवंय?

२८ सप्टेंबर
क.हून पत्र. लेख छापायला जातोय, नाव घातलं आहे, अभिनंदन. काही फेरफार असल्यास ताबडतोब कळवा. नाव वाचलं. माझं आडनाव, शेवटी लॅटिन शेपूट. खूप छान दिसतं. फार वेळ पाहत बसलो.
मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं. टाळ्या. मी नमस्कारसुद्धा केला.

१ ऑक्टोबर
पत्र लिहिलं. चारच ओळी : पाणी नाही, पण दरवर्षी वेल जातात, वेलांवर अंडी जातात, हे मला आधी ठाऊक नव्हतं, सारजाबाईंनी सांगितलं. कोटाच्या खिशात ठेवलं. कोट धुवायला काढताना सु.ने वाचलं.
“हे खरं आहे?”
“हो.”
“मग खिशात काय करतंय?”
पत्र घेऊन वहीत ठेवलं. जेवलोही नाही नीट. टाळ्यांचं काय करू? मुलांना काय सांगू...

४ ऑक्टोबर
टाकलं टपालात. पेटीत हात अडकल्यासारखा झाला, पण टाकलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. वाईटच वाटतंय. पाच वर्षं.
घरी आलो तर सु. गाडग्यापाशी. तिच्या हाती भिंग दिलं. कड शोधायची आहे, हे सांगितलं नाही. म्हटलं, तूच बघ, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. पुष्कळ वेळ वाकून पाहिलं तिने. मग म्हणाली, “मला तर सगळ्या सारख्याच दिसतात. ही एक सोडून.”
“कोणती?”
“ही काय, कडेला.”
गाडग्याच्या कडेला की गोगलगायीला कड, विचारायलाही थांबलो नाही. घाईने वाकलो, कोपर लागलं, गाडगं हललं. नऊच्या नऊ अंग मिटून तळाला गेल्या आणि गाळ वर आला.
सु. म्हणते, पाणी निवळू द्या. समोरच बसलोय.